टेबलावरचं तळं

बिराजदार बाईंनी टेबलावर तळं मांडलं, की आम्हाला कळायचं, शाळेचं दुसरं सत्र आता खरं सुरू झालं.

तळं म्हणजे त्यांच्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण. त्यात त्या बाटलीतलं थोडं पाणी ओतायच्या. झाकणाच्या एका अंगाला फळा पुसायचं डस्टर आडवं ठेवायच्या, तो बांध. मग पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढायच्या आणि झाकणाभोवती एकेक शेंग मांडत जायच्या. ती वाट. चढ असेल तिथं शेंग खडूच्या तुकड्याला टेकवून उभी करायची. ओढा असेल तिथं खडू आडवा. हाताला तीन दाण्यांची मोठी शेंग लागली की ती विसाव्याची जागा. हे सगळं होईपर्यंत टेबलावरचे वह्यांचे गठ्ठे खाली जमिनीवर गेलेले असायचे आणि स्टाफरूममधली सगळी माणसं खुर्च्या ओढून जवळ आलेली असायची.

"हं, बघा की आता. हितनं निघायचं, हितंच पोचायचं. कुणाला काय विचारायचंय?"

विचारण्यासारखं काही नसायचं. वाट दरवर्षी तीच. वैरागच्या अलीकडं वनखात्याच्या राखीव रानात एक तळं आहे. सकाळी सोलापुरातून जीप करून तिथं जायचं, तळ्याला पायी एक फेरी मारायची, भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. एवढंच. पण बाई ते असं सांगायच्या, की पहिल्यांदाच निघालोय. आम्ही ऐकता ऐकता शेंगा फोडून तोंडात टाकायचो आणि मधली सुट्टी संपेपर्यंत टेबलावर नुसती फोलपटं उरायची.

"खाल्ली का सगळी वाट?" बाई म्हणायच्या. "आता चालून भरा."

ज्यांना शाळेतली नोकरी लांबून दिसते त्यांना वाटतं, शिक्षकाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या. सरळ सांगतो, मी माझ्या घराण्यात कॉलेज बघितलेला पहिला माणूस. बी.ए., बी.एड. ही अक्षरं मी दाराच्या पाटीवर रंगवून घेतली आहेत आणि त्याची मला लाज नाही. पण शाळेत लागल्यावर पहिल्या काही वर्षांतच मला जो थकवा आला, तो पोती उचलणाऱ्या माझ्या वडलांनाही कधी आला नसेल. त्यांचं पोतं खाली ठेवलं की संपायचं. आमचं संपत नाही. आज मतदार याद्या, उद्या मुलांची ऑनलाइन माहिती, परवा खिचडीचे फोटो, मध्येच कुठलं तरी प्रशिक्षण आणि त्याचा अहवाल. वर्गात शिरलं की पोरं मोजा, खिचडीला पोरं मोजा, सहलीला तर दर अर्ध्या तासाला पोरं मोजा. बाई एकदा खुर्चीत मान टाकून म्हणाल्या होत्या, "शिकवायचं ते मधल्यामधी राहून गेलं की रे."

म्हणून बाईंच्या सहलीचा पहिला नियम होता, पोरांशिवाय जायचं. आणि दुसरा, त्या दिवशी कोणी कोणाला मोजायचं नाही.

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि खूप दमल्या की दोन्हीचं मिश्रण. उंचीला बुटक्या, रंगानं काळ्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगावर इरकल. गणित शिकवायच्या. सहलीच्या दिवशी साडीखाली पोरांच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि हातात काठीसारखी लांब छत्री. चला म्हणायचं असलं की "नडी, नडी" म्हणायच्या. कुणी घाई केली की "निधान, निधान." कानडीत सावकाश. ह्या दोन शब्दांचा अर्थ आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होता, ज्यांना कानडीतलं बाकी काही येत नव्हतं त्यांनाही.

माणसाला त्या त्याच्या गावावरून हाक मारायच्या. मी शाळेत हजर झालो त्या दिवशी मी माझं पूर्ण नाव सांगितलं, पदवी सांगितली, कोणत्या कॉलेजचा ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"मोहोळ."

"बस की मग, मोहोळ. चहा घे."

झालं. त्या दिवसापासून मी मोहोळ. हिंदी शिकवणारे शेख सर केमचे, ते केम. पाचवीच्या वर्गावर नवीन आलेली सुवर्णा वैरागची, ती वैराग. मला सुरुवातीला राग यायचा. ज्या गावातून शिकून बाहेर पडलो तेच गाव बाई पुन्हा कपाळावर चिकटवतात असं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं, की ज्या माणसाशी बाईंना बोलायचं नसतं त्याला त्या पूर्ण नावानं, सर लावून हाक मारतात. त्यानंतर राग गेला.

पहिल्या वर्षी सहलीला निघायच्या आदल्या दिवशी मी मोहोळला घरी होतो. वडील तिथल्या आडतीत हमाल. मी पिशवी भरताना बघून त्यांनी विचारलं, "कुटं निघालास?"

"तळ्याला. चालायला."

"काय हाय तितं? देव हाय?"

"न्हाय."

"मग जत्रा हाय?"

"न्हाय, दादा. नुस्तं तळं हाय. त्याच्याभवती चालायचं."

ते म्हणाले, "आमी जन्मभर चाललो ते काय हौसेनं व्हय? तुला शिकीवला कशाला मग?"

हे मी जीपमध्ये बाईंना सांगितलं. थोडं हसण्यावारी, थोडं तक्रारीनं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वडलांना सांग, तिथं काहीच नाही म्हणून जायलोय आम्ही." आणि मग जरा वेळानं, "पुढच्या वर्षी त्यांना घेऊन ये."

ते आले नाहीत. पण पुढच्या वर्षी ओळखीच्या शेतातला हुरडा त्यांनी पाठवून दिला, फडक्यात बांधून. वर निरोप, "त्या चालणाऱ्या बाईंना दे."

तळ्याला खरंच काही नाही. बांध, बांधाखाली बाभळी, पलीकडं हिवर आणि बोरी, त्यांच्यापुढं गुडघाभर पिवळं गवत. जानेवारीत सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपत आली की आम्ही जायचो, तेव्हा पाणी निम्म्यावर आलेलं असायचं आणि काठाला चिखल वाळून त्याच्या खपल्या उठलेल्या असायच्या. टिबुकल्या, छोटी पाणपाखरं, बुडी मारायच्या आणि भलतीकडंच वर यायच्या. एखादी टिटवी आमच्यावर ओरडून ओरडून दमायची. ओढा ओलांडला की म्हसोबाच्या टेकाडाचा चढ. वर शेंदूर फासलेला दगड आणि वारा. तिथून खाली उतरलं की पुन्हा बांध.

वैरागनं एकदा मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "बाई, अशा वाटांना तीन प्रकार असतात. इझी, मॉडरेट आणि डिफिकल्ट. आपली मॉडरेटमध्ये बसते."

"मॉडरेट म्हणजे काय ग?"

"मध्यम."

"हां, तेच पाहिजे," बाई म्हणाल्या. "अवघड तर रोजचंच हाय. आणि एकदम सोपं केलं तर कुठं गेल्यासारखं वाटत नाही. मधलं पाहिजे. जरा दम लागावा, पण तो आपल्या मर्जीनं."

रोजचं अवघड काय होतं ते आम्हाला माहीत होतं, पण बाईंच्या तोंडून नाही. त्यांचे यजमान कापडाच्या दुकानात होते. ऐन उमेदीत अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. बाई पहाटे उठून त्यांचं सगळं आवरायच्या, शाळेत यायच्या, मधल्या सुट्टीत रिक्षानं घरी जाऊन त्यांना भरवून परत यायच्या. घरी कानडीत हाका आणि शाळेत मराठीत. सहलीच्या दिवशी मात्र त्यांची नणंद अक्कलकोटहून यायची. वर्षातला तो एक दिवस. त्याचं नियोजन बाई दिवाळीपासून का करायच्या हे मला बऱ्याच उशिरा समजलं. जायला एक दिवस मिळायचा, मांडायला मात्र दोन महिने मिळायचे.

हे तळं त्यांना सापडलं कसं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. यजमानांबरोबर स्कूटरवरून वैरागला पाहुण्यांकडं निघाल्या आणि वाटेत चाक पंक्चर झालं. यजमान स्कूटर ढकलत गावाकडं गेले, बाईंना म्हणाले, तू हितंच बस. बाई बांधावर बसल्या. ते आले पार दुपार उलटल्यावर.

"घाबरला नाहीत?" वैरागनं विचारलं.

"आधी घाबरले की. मग बूड टेकलं आणि पाय पाण्यात सोडले." बाई शेंग सोलत होत्या, सोलायची थांबल्या. "माहेरी आम्ही बहिणीबहिणी, सासरी एवढं मोठं खटलं. त्या दुपारी पहिल्यांदा असं झालं बघ, की कुणी मला काहीच मागितलं नाही. पाणी मागितलं नाही, भाकरी मागितली नाही, किल्ली मागितली नाही. मालक परत आले तेव्हा मला वाईट वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं."

एवढं बोलून त्यांनी सोललेले दाणे आमच्या पुढं सरकवले.

न मोजण्याच्या नियमाचं एकदा काय झालं ते सांगायला हवं. फेरी झाली, भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन झाली, सगळे जीपमध्ये बसले आणि निघालो. दिवसभर एकदाही कुणी डोकी मोजली नव्हती याचाच सगळ्यांना केवढा आनंद. परतीआधी चहाला म्हणून वैरागच्या स्टँडकडं गेलो. बाईंनी नेहमीप्रमाणे ग्लास सांगितले, पोरानं ट्रे आणून ठेवला, प्रत्येकानं आपापला उचलला आणि ट्रेमध्ये एक ग्लास उरला.

सगळे त्या ग्लासाकडं बघत राहिले.

"केम," बाई म्हणाल्या.

शेख सर नव्हते. त्यांचा मोबाइल जीपमधल्या त्यांच्याच पिशवीत वाजायला लागला. वर्षभर हजार पोरं मोजणारी आम्ही माणसं एक शिक्षक रानात विसरून आलो होतो. जीप उलटी फिरवली. तळ्यावर पोचलो तर शेख सर हिवराखाली रुमाल तोंडावर टाकून झोपलेले. हलवून उठवलं तर डोळे चोळत म्हणाले, "इतक्यात आलात? मला वाटलं, एखादी रजा तरी मिळाली असेल यार."

"आणि बिबट्या आला असता म्हणजे?" मी म्हणालो.

"आला असता तर त्याची माहिती ऑनलाइन कोण भरणार? म्हणून नाही आला तो."

परतताना मी म्हणालो, बाई, पुढच्या वर्षीपासून मोजायला पाहिजे. बाई ठाम होत्या. "मुळीच नाही. चहा सांगायचा. ग्लास उरला की कळतंय की."

न मोजण्याचा नियम मोडला नाही. पण चहा मात्र पुढच्या वर्षीपासून थर्मासमध्ये भरून तळ्यावरच न्यायला सुरुवात झाली.

आणि एक नियम होता, जो बाईंनी कधी बोलून दाखवला नाही. सगळ्यात सावकाश चालणारा माणूस सगळ्यात पुढं. वाट पाऊलवाटेएवढी, पुढच्याला ओलांडून जायला जागा नाही. म्हणजे पुढचा ज्या चालीनं चालेल त्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. कुणी मागं पडायला नको, कुणाला धापा टाकत गाठायला लागायला नको.

हा नियम आला आमच्या हेडसरांमुळं. हेडसर अंगानं भारी, त्यात साखर, त्यात गुडघे. पहिल्या वर्षी ते मागं राहिले आणि टेकाडावर पोचले तेव्हा आम्ही भाकरी सोडायला लागलो होतो. आले ते लाल तोंडानं, कुणाशी न बोलता एका बाजूला बसले. पुढच्या वर्षी निघताना बाई बांधावर उभं राहून मोठ्यानं म्हणाल्या, "सर, तुम्ही पुढं व्हा. हेड असताना दुसरं कुणी पुढं चाललेलं बरं दिसत नाही."

हेडसरांची छाती एकदम पुढं आली. ते पुढं झाले. आम्ही सगळे त्यांच्या चालीनं, गायीगुरांसारखे, मागं मागं. सर मध्येच थांबून हातानं पक्षी दाखवायचे, म्हणजे श्वास घ्यायचे. आम्हीही थांबून पक्षी बघायचो. बाई सगळ्यांच्या शेवटी, छत्री टेकत. मी एकदा मागं वळून त्यांच्याकडं बघून हसलो. बाईंनी ओठावर बोट ठेवलं.

मला वाटायचं, काय मोठ्या मनाचा खोटेपणा आहे बाईंचा. आणि शेख सर कानात कुजबुजायचे, "सरांना अजून वाटतंय, मानानं पुढं आहेत."

बाई कायम शेवटी. त्यामुळं ह्या सगळ्या वर्षांत मला बाईंचा चेहराच दिसला, तोही वळून बघितलं तर. त्यांना आमच्या पाठी दिसल्या असतील.

गेल्या श्रावणात बाईंचे यजमान गेले.

बाई काही दिवसांनी शाळेत आल्या. विभूती होती, बाकी कपाळ मोकळं. वर्ग घेतले, वह्या तपासल्या, मधल्या सुट्टीत घरी जायचं नव्हतं म्हणून स्टाफरूममध्येच बसल्या. रिक्षावाला सवयीनं फाटकापाशी येऊन उभा राहिला आणि थोड्या वेळानं परत गेला. दोन-तीन दिवस तो येत राहिला. मग बंद झाला.

दिवाळी झाली. दुसरं सत्र सुरू झालं. टेबलावर तळं आलं नाही.

वैरागनं धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "आता रोजच सुट्टी हाय की ग मला. सहल कशाला?" त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. नुसता थकवा होता, आणि तो जास्त वाईट होता. त्यात नवीन एक गोष्ट झाली होती. बाईंना जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं काहीतरी सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणून दिला. हे त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं, जून आला की बाई जाणार. म्हणजे ह्या वर्षी फेरी झाली नाही तर मग कधीच नाही. सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

शेवटी एका दुपारी शेख सर शेंगांची पुडी घेऊन आले. स्वतःच्या डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं, पाणी ओतलं, डस्टर ठेवलं आणि मोठमोठ्यानं बोलत शेंगा मांडायला लागले. बाई पलीकडं आमच्याकडं पाठ करून लाल पेनानं वह्या तपासत होत्या. पेन चालू होतं.

"हा बांध," शेख सर म्हणाले. "इथून आपण असं..."

"बांध पूर्वेला हाय," बाई न वळता म्हणाल्या.

"काय बाई?"

"पूर्वेला. सूर्य पाठीशी घेऊन निघतो की आपण. तू त्याला पश्चिमेला नेऊन बसवलायस."

शेख सरांनी डस्टर उचललं आणि मुद्दाम उत्तरेला ठेवलं. मी बघितलं, मुद्दाम.

"अय्यो, साकू रे केम!" बाई खुर्ची सरकवून उठल्या. "साकू, पुरे. हो बाजूला. एवढी वर्षं काय बघत चालत होतास तू?"

"हिवर बघत होतो, बाई. झोपायला."

बाईंनी डस्टर जागेवर आणलं. ओढ्यावर खडू ठेवला. म्हसोबाच्या चढाची शेंग उचलली, आणि ती तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"ही मला जमायची नाही आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही फेरी मारून या. मी बांधावर बसते. चहाचं बघते, भाकरी सोडून ठेवते."

म्हणजे जिथं कुणी काही मागत नाही म्हणून त्या जायच्या, तिथंही बाईंनी भाकरी सोडून ठेवायची, चहाचं बघायचं. हेडसर दारात उभे होते. ते कधी आले ते कळलं नव्हतं. ते म्हणाले, "टेकाडावरूनच जायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी वैराग बाईंबरोबर डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले, सपाटीला, सावकाश, थांबत थांबत हरकत नाही. चढ नको. मग रविवारी मी आणि शेख सर मोटारसायकलवरून तळ्यावर गेलो. टेकाडाच्या खालून, पाण्याच्या अगदी कडेनं गुरांची एक वाट आहे. पाणी भरलेलं असताना ती बुडलेली असते. त्या वर्षी पाणी लवकर उतरलं होतं. आम्ही ती वाट चालून बघितली. एका जागी बाभळीच्या फांद्या आडव्या होत्या, तिथं वाकून जायला लागत होतं, पण जाता येत होतं. शेख सर दर थोड्या अंतरावर खाली बसून बघायचे, इथं बाईंना बसता येईल का. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही काय विसाव्याला आलाय का पाहणीला?" ते म्हणाले, "दोन्ही, यार. तीस मुलांची माहिती फोनवरून ऑनलाइन चढवून आलोय सकाळपासून."

सोमवारी टेबलावर नवीन वाट मांडली. उभी शेंग नव्हती. तीन दाण्यांच्या शेंगा मात्र खूप लागल्या. त्यासाठी दुसरी पुडी आणावी लागली. बाई मांडलेलं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे विसावे? हे मध्यम नाही रे. ही तर वरात झाली."

"तुम्ही या तरी, बाई," मी म्हणालो.

"येते की," त्या म्हणाल्या. "बांधापर्यंत येते. पुढचं तिथं बघू."

गेलो. ऊन कोवळं होतं, गवतावर दव. जीपमधून उतरताना बाईंनी छत्री टेकली, कॅनव्हासचे बूट घातलेलेच होते. म्हणजे मनात होतं. आम्ही बांधावर रांगेनं उभे राहिलो, हेडसर सवयीनं पुढं. बाई सवयीनं सगळ्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जावा की. मी येते मागनं. नाहीच जमलं तर हितंच बसते."

हेडसर वळले. सगळी रांग ओलांडून, गुडघे सांभाळत, ते मागं आले.

"बाई, तुम्ही पुढं व्हा."

"मी? मी मागंच बरी आहे सर."

"सेवाज्येष्ठ तुम्ही. निवृत्तीचं वर्ष तुमचं. तुम्ही असताना दुसरं कुणी पुढं चाललेलं बरं दिसत नाही."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. आम्ही सगळे दुसरीकडं बघायला लागलो, तळ्याकडं, झाडांकडं. माझ्या मनात आलं, आता बाई चिडणार.

"सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," हेडसर म्हणाले. "टेकाडावर पोचायच्या आधी."

"आणि बोलला नाहीत?"

"कशाला बोलायचं? बरं वाटत होतं चालायला."

बाई हसल्या. श्रावणानंतर मी त्यांना हसताना बघितलं ते पहिल्यांदा. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि आमच्या सगळ्यांच्या बाजूनं, एकेकाच्या दंडाला हात लावत, पुढं गेल्या. हेडसर त्यांच्या मागं उभे राहिले.

"नडी," बाई म्हणाल्या. आम्हाला नाही, स्वतःलाच.

इतकं सावकाश मी आयुष्यात चाललो नाही. चार पावलं, थांबा. बाई छत्रीनं टिबुकली दाखवायच्या. आम्ही सगळे टिबुकली बघायचो. ती बुडायची, आम्ही ती वर यायची वाट बघायचो, ती वर आली की निघायचो. शेख सरांनी शोधलेल्या एकेका जागी बाई बसल्या. एकही विसावा वाया गेला नाही. बाभळीच्या फांद्यांखाली वाकताना त्यांचा पदर काट्याला अडकला, हेडसरांनी तो सोडवला. म्हसोबाच्या टेकाडाखाली आलो तेव्हा बाईंनी मान वर करून त्या दगडाकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि पुढं चालू लागल्या. पुढं कुणी नव्हतं. पिवळी वाट, बाजूला पाणी.

"मोहोळ," त्यांनी न वळता हाक मारली.

"हो बाई."

"एवढी वर्षं मी तुमच्या पाठीच बघितल्या रे. वाट कुठं बघितली मी."

फेरी पूर्ण झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फोटो काढले नाहीत. सगळे दमले होते, चालण्यानं नाही, सावकाश चालण्यानं. बांधावर सतरंजी पसरली. वैरागनं थर्मास उघडला आणि ग्लासात चहा ओतला. प्रत्येकानं आपापला उचलला, आणि एक उरला.

आम्ही वळून बघितलं. बाई बांधावर नव्हत्या. खाली पाण्याकडं गेल्या होत्या. आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. पांढरे बूट काढून शेजारी ठेवले होते, छत्री गवतात आडवी, पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

"हाक मारू का?" शेख सर म्हणाले. "चहा निवायला लागलाय."

"नको," हेडसर म्हणाले. "बसू द्या त्यांना. कुणी काही मागायला जाऊ नका."

जूनमध्ये शाळेनं बाईंना निरोप दिला. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, माझंही झालं. बाई आता अक्कलकोटला नणंदेजवळ असतात. पण निरोपाच्या दिवसाचा त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आठवते ती पाण्याकडं तोंड केलेली त्यांची पाठ, इरकलीचा काठ चिखलाला टेकलेला, आणि पलीकडं बुडलेली टिबुकली अजून वर यायची बाकी.

त्या दुपारी बांधावर वैरागनं बाईंच्या ग्लासावर डब्याचं झाकण ठेवलं आणि आम्ही सगळे आपापला चहा प्यायलो.